कर्ता अज्ञात

गेल्या हिवाळ्यातली शनिवारची रात्र. अकरा वाजायला आले होते. सभ्य घरांतून निजानीज व्हायची ही वेळ. पण आमच्या घरी शनिवारी ती होत नाही. आमचे चिरंजीव अंगात लालभडक सदरा चढवून दूरदर्शन-संचासमोर मांडी ठोकून बसलेले असतात. हजारो मैलांवरच्या लिव्हरपूल नावाच्या गावी अकरा माणसे चेंडू लाथाडणार असतात, आणि त्यांच्या जयापजयाची सारी जोखीम जणू पुण्यातल्या आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडावर येऊन पडलेली असते.

मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. 'लोकसाहित्याची वैशिष्ट्ये सोदाहरण सांगा,' हा प्रश्न. त्रेचाळीस उत्तरपत्रिका होत्या आणि त्रेचाळिसांतही पहिले वाक्य एकच होते : 'लोकसाहित्याचा कर्ता अज्ञात असतो.' मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ते वाक्य माझेच आहे. वीस वर्षांपूर्वी काढलेल्या आणि आता कडांना पिवळ्या पडलेल्या माझ्या टिपणांतले ते पहिले वाक्य. दर वर्षी मी ते वर्गात सांगतो, आणि सांगून झाल्यावर पेल्यातले दोन घोट पाणी पितो. मुलांना वाटते, सरांचा घसा कोरडा पडला. त्यामागचे कारण निराळे आहे. पण ते ओघाने येईलच.

एवढ्यात बाहेरच्या खोलीतून गाण्याचा आवाज आला. एकट्यादुकट्याचा नव्हे, हजारोंचा. ताल संथ, चाल एखाद्या प्रार्थनेसारखी हळूहळू चढत जाणारी. मी तणतणत उठलो. 'हा काय वेळ आहे का?' हे वाक्य ओठांवर तयार होते. पण दारात पोचलो आणि थबकलो. पडद्यावर माणसेच माणसे होती. प्रत्येकाने गळ्यातली लाल पट्टी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली होती. म्हातारे होते, बायका होत्या, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे होती. सगळी गात होती. आणि आमचे चिरंजीव, ज्यांना गणपतीच्या आरतीला ओढून आणावे लागते, तेही डोळे मिटून गात होते.

गाणे संपल्यावर मी विचारले, "कोणी लिहिलंय रे हे?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. "लिहिलंय कोणी म्हणजे? ते आमचंच आहे, बाबा."

मी मुकाट्याने आत आलो. वीस वर्षे मी जे शिकवतो आहे, ते याने एका वाक्यात सांगितले होते. बिचाऱ्याला त्याचे गुण मात्र मिळणार नव्हते!

दुसऱ्या दिवसापासून मी या गाण्यांच्या पाठीमागे लागलो. मास्तरकीचा हा दोषच आहे. आवडलेल्या गोष्टीची आम्हाला वंशावळ हवी असते. शोधता शोधता ध्यानात आले, की चिरंजीवांच्या त्या गाण्याला कर्ता आहे आणि तो मुळीच अज्ञात नाही. 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे त्याचे नाव. ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी ते लिहिले आणि रिचर्ड रॉजर्स यांनी त्याला चाल दिली. 1945 साली न्यूयॉर्कमध्ये आलेल्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकातले ते पद. ते नाटकही मूळचे अमेरिकन नव्हे. फेरेन्त्स मोल्नार या हंगेरियन नाटककाराच्या 1909 सालच्या 'लिलिओम'वरून घेतलेले. नाटकात नवरा गेलेल्या एका तरुण बाईला धीर द्यायला दुसरी बाई ते गाते. फुटबॉलचा त्यात मागमूस नाही.

पुढे 1963 साली लिव्हरपूलच्याच 'गेरी अँड द पेसमेकर्स' या तरुण मंडळींनी त्याची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती इंग्लंडात खपात पहिली आली. त्या काळी ॲनफिल्डच्या मैदानावर सामन्यापूर्वी कर्ण्यावरून त्या त्या आठवड्यातली लोकप्रिय गाणी लावत आणि लोक त्यांच्याबरोबर गात. आठवडे गेले, गाणे यादीतून उतरले; पण लोकांच्या तोंडून ते उतरले नाही. शोकाकुल विधवेसाठी लिहिलेले पद गोदीकामगारांच्या गावाने आपलेसे केले. त्या दिवसापासून ते हॅमरस्टाइनचे राहिले नाही. पुढे ग्लासगोच्या सेल्टिकने आणि जर्मनीतल्या डॉर्टमुंडनेही ते उचलले.

जिथे उभे राहून हे लोक गातात त्या जागेचे नाव 'कॉप'. या चिमुकल्या नावाची कथा ऐकून मी चकित झालो. दक्षिण आफ्रिकेत 'स्पिऑन कॉप' म्हणजे टेहळणीची टेकडी आहे. 1900 सालच्या जानेवारीत बोअर युद्धातली एक घनघोर लढाई तिथे झाली, आणि लँकेशायरकडची पुष्कळ मुले तिच्यात कामी आली. पुढे 1906 साली ॲनफिल्डला प्रेक्षकांसाठी मातीचा उंच उतार घातला, तेव्हा त्या टेकडीच्या आठवणीने त्याला हे नाव दिले. आणि त्या लढाईत जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी स्वयंसेवकांच्या पथकात तीस वर्षांचा एक बॅरिस्टर होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी! आमचे चिरंजीव ज्या कॉपच्या नावाने रात्री गर्जना करतात, त्या नावापाशी गांधीजींच्या खांद्यावरची डोली टेकलेली आहे. हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो प्रथमच सामना सोडून माझ्याकडे वळला.

योगायोग इथेच संपत नाहीत. गांधीजींच्या आवडीचे 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन आपल्याकडे दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला 2022 सालापूर्वी वर्षानुवर्षे वाजत असे. इंग्लंडात 1927 पासून तेच भजन एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यापूर्वी गातात. मरणसमयीची प्रार्थना ती. आणि ती गाऊन झाली की लोक खुशाल एकमेकांच्या संघाला शिव्या घालायला मोकळे होतात. देवळातून तमाशाच्या फडात जाण्याइतकेच हे सहज घडते!

या गाण्यांची घडण पाहू लागलो, तसतशी मला माझ्या टिपणांची आठवण होऊ लागली. चाल नवी असून चालत नाही. ती आधीच सर्वांच्या ओठांवर असावी लागते. शब्द मोजके हवेत आणि फेर लहान हवा. पहिला माणूस म्हणेल ते दहाव्याला एका ऐकण्यात म्हणता आले पाहिजे. आपला शाहीर आणि त्याचे झीलकरी यांचाच हा संसार. चाल कुठून उचलावी याला मात्र धरबंध नाही. क्यूबाचा कवी होसे मार्ती याने 1891 साली साध्यासुध्या कविता लिहिल्या आणि चार वर्षांनी स्वातंत्र्याच्या लढाईत तो रणावर पडला. त्याच्या कविता पुढे 'ग्वान्तानामेरा' या गाण्यात गुंफल्या गेल्या, ते गाणे जगभर पसरले, आणि आज इंग्लंडातले प्रेक्षक त्याच चालीवर 'आमच्या अमक्यासारखा दुसरा नाही' असे आपल्या खेळाडूचे कौतुक करतात. प्रतिपक्ष गप्प बसला, की त्याच चालीवर 'जिंकतानाच तेवढे गाता वाटतं!' असा टोमणाही मारतात. हुतात्म्याच्या कवितेवर असा प्रसंग ओढवलेला पाहून त्या कवीला काय वाटले असते? मला वाटते, तो हसला असता. कविता ओठांवर राहिल्याशी कारण!

कधी कधी शब्दांचीही गरज उरत नाही. 2003 साली बेल्जियमच्या ब्रुग्ज गावचे पाठीराखे सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथल्या एका मद्यगृहात 'सेव्हन नेशन आर्मी' हे अमेरिकन गाणे त्यांच्या कानी पडले. त्यातली सात स्वरांची ओळ त्यांनी नुसती 'ओ-ओ' करून उचलली. त्या दिवशी त्यांचा संघ जिंकला आणि ती ओळ शुभशकुन म्हणून त्यांच्या घरी आली. 2006 साली रोमचा संघ ब्रुग्जला खेळायला गेला, तेव्हा रोमकरांनी ती पळवली. आणि त्याच वर्षी इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा सारा देश ती घोकत होता. जात्यावरची ओवी सासरी जाणाऱ्या लेकीबरोबर गावोगाव गेली असे आम्ही शिकवतो. हीही तशीच गेली. वाहन तेवढे वेगळे.

आइसलंडच्या लोकांनी तर गाणेही सोडले. 2016 सालच्या युरोपीय स्पर्धेत सव्वातीन लाखांवर वस्तीच्या या देशाने इंग्लंडला हरवले. त्यांचे पाठीराखे दोन्ही हात वर करून उभे राहत. ढोलाचा ठोका पडे, टाळी वाजे, आणि छातीतून एक हुंकार निघे. मग शांतता. पुन्हा ठोका. पुढच्या फेरीत फ्रान्सने त्यांचा धुव्वा उडवला. तरी सामना संपल्यावर ते तसेच उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. हरल्यावर गाणाऱ्या माणसांबद्दल मला नेहमीच आदर वाटतो.

इथवर लिहून थांबलो असतो, तर लेख कसा गोजिरवाणा झाला असता! पण ज्या तोंडांनी ही प्रार्थना होते, त्याच तोंडांनी दुसरेही काही होते. 1958 सालच्या फेब्रुवारीत म्यूनिकला विमान कोसळून मँचेस्टर युनायटेडच्या आठ खेळाडूंसह तेवीस माणसे गेली. त्या मृत्यूंवर यमके जुळवून, हात विमानासारखे पसरून नाचणारे प्रेक्षकही त्याच देशात झाले. कृष्णवर्णी खेळाडूच्या पायाशी चेंडू आला, की माकडासारखे आवाज काढणारे झाले. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीच्या रेट्यात लिव्हरपूलची माणसे चिरडली गेली. मृतांचा आकडा शेवटी सत्त्याण्णव झाला. दोष त्या मेलेल्यांचाच, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. प्रतिपक्षाच्या काही लोकांनी त्याचीही गाणी केली. 2016 साली न्यायालयात पंचांनी निर्वाळा दिला, की ही माणसे बेकायदा मारली गेली आणि पाठीराख्यांचा काहीही दोष नव्हता. तेव्हा त्यांचे आप्त न्यायालयाबाहेर उभे राहून तेच गाणे गायले. सत्तावीस वर्षे त्यांनी वाट पाहिली होती. एका बाईने दुसरीचे सांत्वन करण्यासाठी लिहिलेले ते पद पुन्हा आपल्या मूळ कामावर रुजू झाले.

मृतांवर ती हिणकस गाणी कोणी रचली? विचारून पाहा. नाव सापडायचे नाही. 'लोक म्हणत होते.' कर्ता अज्ञात!

आता त्या दोन घोट पाण्याविषयी सांगायला हवे.

माझे बालपण कोल्हापुरात गेले. कोल्हापूर म्हटले की लोकांना कुस्ती आठवते. पण त्या गावाचे दुसरे वेड फुटबॉलचे आहे हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. तिथले संघ क्लबांचे नव्हेत, तालमींचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी त्यांची नावे. ज्या मातीत पहिलवान घुमले त्याच मातीचा अभिमान पोरांनी चेंडूला बांधला. सामन्याच्या दिवशी पेठच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. हलगी, घुमके, कैताळ यांचा असा कल्लोळ उठतो, की कॉपवाल्यांनीही कान टवकारावेत.

मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या पेठेचा सामना दुसऱ्या एका पेठेशी होता, आणि त्या पेठेचा गोलरक्षक होता माझा आतेभाऊ बापूदादा. दिवसा कारखान्यात ओतकाम करायचा आणि संध्याकाळी सराव. मला सायकल शिकवली ती त्याने. पण पेठ ती पेठ! पूर्वार्धातच त्याच्या हातून एक सोपा चेंडू निसटला. थोड्या वेळाने दुसरा. आमच्या बाजूने हलकल्लोळ झाला. माझ्या शेजारी एक पोरगा हलगी वाजवत होता. मला काय सुचले कोण जाणे. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन दोन ओळी म्हटल्या :

बापूचं दार सताड हाय,
चेंडू पावणा च्या पिऊन जाय!

त्याने त्या लगेच हलगीवर बसवल्या. मिनिटभरात दहा जण म्हणू लागले, पाच मिनिटांत शंभर, आणि मग सारी बाजू. हजारो माणसे माझे शब्द म्हणत होती! आज कबूल करतो, की तो आनंद मला पुन्हा कधी मिळाला नाही. पुढे माझे दोन कवितासंग्रह निघाले. त्यांतली एकही ओळ कोणी कधी म्हटल्याचे माझ्या कानी आले नाही.

मग बापूदादाने मान वळवून आमच्या बाजूला पाहिले. कोणा एकाला शोधत असल्यासारखे पाहिले. मी समोरच्या माणसाच्या पाठीआड बसलो.

त्या ओळी मैदानावर राहिल्या नाहीत. पोरे त्या त्याच्या खिडकीखाली म्हणत, तो कामावर निघाला की सायकलीमागे धावत म्हणत. पुढच्या हंगामात त्याने खेळणे सोडले. 'कारखान्यात पाळी बदलली,' असे आत्या सांगायची. मी ते कारण घट्ट धरून ठेवले. शिक्षणाला पुण्याला आलो, इथेच चिकटलो. लग्नकार्यात भेटी होत, चौकश्या होत. ओळींचा विषय कोणी काढला नाही. आणि दर वर्षी जूनमध्ये मी वर्गात उभा राहून सांगत आलो, की लोकसाहित्याचा कर्ता अज्ञात असतो.

ॲनफिल्डच्या त्या रात्रीनंतर मला चैन पडेना. मे महिन्यात काही निमित्त काढून कोल्हापूरला गेलो. सांगून टाकायचे असे गाडीत दहा वेळा ठरवले आणि बापूदादाच्या दारात पोचेपर्यंत अकराव्यांदा मोडले. दार उघडेच होते. तो झोपाळ्यावर बसून दीड वर्षाच्या नातवाला थोपटत होता. केस पांढरे झाले होते. हात मात्र तेच, ओतकामाने भाजलेले, भले मोठे. मला खुणेनेच बस म्हणाला. आणि हलक्या आवाजात त्याचे गाणे चालू राहिले :

बापूचं दार उघडंच हाय,
झोप पावणी का येत न्हाय?

माझ्या अंगावर काटा आला. पण काय सांगू, वीस वर्षांची मास्तरकी माणसाला कामातून घालवते! माझ्या तोंडून निघून गेले, "सताड रे, दादा. 'उघडंच'नं एक मात्रा जास्त होते."

झोपाळा थांबला.

बराच वेळ तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तू हुतास होय रं?"

मी मान हलवली.

"मला वाटलेलं, त्या हलगीवाल्याचं काम हाय म्हणून." नातवाच्या अंगावरची दुलई त्याने सारखी केली. "जलमभर बोललो न्हाई त्याच्याशी. पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला हुता दारात. घेतली न्हाई मी. चार वर्सं झाली, गेला बिचारा."

आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. काय बोलावे ते मला सुचेना. गाडीत जुळवून ठेवलेली सगळी वाक्ये मला त्या घटकेला नुसती साहित्यिक वाटली. अपराध एकाचा, राग दुसऱ्यावर, आणि ज्याची क्षमा मागायची त्या दोघांतला एक आता कुठेच नव्हता. मी उठलो आणि चपला शोधू लागलो.

झोपाळा पुन्हा हलू लागला. पाठीमागून बापूदादाचा आवाज आला,

"बस की. पावणा आलाईस, तर च्या पिऊन जा."